थराखालचं लोखंड

आमचे दादा खामगावात कलईगर होते. खांद्याला भाता, झोळीत कथील आणि नवसागर घेऊन ते नांदुरा, शेगावपर्यंतच्या गल्ल्या फिरायचे. अब्बा त्या धंद्यात गेले नाहीत, ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर झाले. आणि आमचा धाकटा भाऊ एक पिढी सोडून पुन्हा थर चढवण्याच्याच कामाला लागला. त्याचं पावडर कोटिंगचं वर्कशॉप आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पलंग, दवाखान्यातल्या खाटा, दिव्यांगांच्या तीनचाकी सायकली, शाळेचे बाक, असं लोखंडाचं जे काही असेल ते त्याच्याकडे गंजकं येतं आणि चकचकीत होऊन जातं.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे वर्कशॉपशी आमचा संबंध एवढाच, की बिलबुकाचं शुद्धलेखन तपासायचं आणि उन्हाळ्यात तिकडे फिरकायचं नाही. मागच्या वर्षी मात्र बकरी ईदनंतरचा आठवडा आम्ही सगळे, अब्बांसकट, त्या पत्र्याच्या शेडमध्येच होतो. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, म्हणून हे जमलं.

याला कारण आमचा भाचा, बडी आपाचा मुलगा. विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेऊन तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका हँगरमध्ये काम करतो. ईदला आला तेव्हा शेगाव स्टेशनवर उतरतानाच त्याच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चादरीत बांधलेलं कसलंसं धूड होतं. नानीला वाटलं, पोराने आपल्यासाठी काहीतरी आणलं. घरी चादर सोडली तर आत पांढऱ्या नळ्यांचा सांगाडा, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा. सोबत पायाने दाबायचे दोन पेडल, हातात धरायचा एक दांडा आणि शेपटीच्या चाकाची पोलादी स्प्रिंग.

"नानी, हे इंजिन माउंट," तो म्हणाला. "विमानाचं इंजिन यावर बसतं."

अम्मींनी तो सांगाडा एका हाताने उचलून पाहिला आणि विचारलं, "एवढंसं?"

तोच तर प्रश्न होता. शंभर अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याच्या पुढचा फिरता पंखा विमानाच्या अंगाला धरून ठेवायचा, तो या नळ्यांनी. त्यातल्या काहींच्या भिंतीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पोलाद अर्थातच साधं नाही. त्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे वजनाच्या मानाने ते फार ताकदवान. पण नळी पातळ ती पातळच.

विमान एका निवृत्त इंजिनीयरसाहेबांचं. दोन माणसांचं, सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं. आमच्या मोहल्ल्यात ही बातमी गेल्यावर दोन दिवस सगळ्यांचा एकच सवाल: घरी विमान बनवतात होय? बनवतात. अमेरिकेत तर 1953 पासून अशा हौशी लोकांची मोठी संघटना आहे आणि दर वर्षी जुलैमध्ये ऑशकॉश गावी त्यांची विमानांसकट जत्रा भरते. तिथला नियम असा, की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं पाहिजे. आणि इतक्या लांब जायची तरी काय गरज? कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते, हा तिसरा. विमान गच्चीवरून सुटं करून क्रेनने उतरवावं लागलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला आणि उड्डाणाच्या परवानगीला 2019 चा ऑक्टोबर. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधायला जिद्द लागते हे सगळेच सांगतात. कागद मिळवायला किती लागते, ते या तारखा सांगतात.

तर हे माउंट कारखान्यातूनच पावडर कोटिंग होऊन आलेलं. सुटे भाग विकणाऱ्या कंपन्या पोलादी भाग बहुधा असेच पाठवतात. विमान जोडण्यात साहेबांची वर्षं गेली, समुद्राजवळची दमट हवा लागली, पाना लागून दोन ठिकाणी कोटिंगचे टवके उडाले आणि तिथून गंज आत शिरला. वरून पांढरं शुभ्र. पण टवक्याच्या कडेला नख लावलं तर बोटभर लांबीचा पापुद्रा उचलून आला आणि खाली तपकिरी चूर्ण. भाच्याने साहेबांना सांगितलं होतं, सगळं कोटिंग उतरवून, लोखंड तपासून, मग नव्याने रंगवू. माझ्या मामूंचंच वर्कशॉप आहे.

मामूंनी काम पाहिलं आणि हसून म्हणाले, "यात काय आहे? सकाळी टाकीत, दुपारी भट्टीत, संध्याकाळी घेऊन जा."

वाद इथेच सुरू झाला. (घरातली आमची बोली दखनी. वाद तिच्यातच झाला, इथे मराठीत उतरवतो.)

पावडर कोटिंग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कोरडी पूड बंदुकीतून उडवतात. उडताना तिला विजेचा भार मिळतो. जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, लोखंडी आकड्याला टांगलेली आणि जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे पूड तिच्याकडे ओढली जाते आणि चिकटून बसते. मग सुमारे 200 अंशांच्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की पूड वितळून एकसंध कातडं तयार होतं. त्याची जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी. या सगळ्याआधी जॉब सात टाक्यांमधून काढतात. तेलकटपणा घालवायची टाकी, पाण्याची, गंज काढायची ॲसिडची, पुन्हा पाण्याची, अशा. गेट आणि जाळ्यांना हे उत्तम. मामूंचा सगळा भरवसा त्या ॲसिडच्या टाकीवर.

"मामू, ॲसिड नको," भाचा म्हणाला.

"का? तुझ्या विमानाचं लोखंड लाजतं का?"

भाच्याने मग जे सांगितलं ते आम्हाला त्याच्याकडून दोनदा ऐकावं लागलं. ॲसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन तयार होतो. त्याचे कण इतके बारीक, की ते पोलादाच्या आत शिरतात आणि आतून त्याला ठिसूळ करतात. पोलाद जितकं कडक केलेलं, तितका धोका मोठा. म्हणून ती स्प्रिंग आणि विमानाचे बोल्ट यांना ॲसिड म्हणजे विषच. ताण पडल्यावर तास-दोन तासांनी किंवा चार दिवसांनी, कसलीही सूचना न देता, तडकन तुटतात. शिवाय नळ्यांच्या सांध्यात कुठे बारीक फट असली तर ॲसिड आत जाऊन बसणार, ते बाहेर कोण काढणार?

मग मामूंनी गॅसचा बर्नर दाखवला. कोटिंग जाळून टाकू. त्यालाही नकार. कोटिंग जळायला चारशे अंशांच्या आसपास जावं लागतं. बर्नरने एका जागी लाल होईल, दुसरीकडे कोमटही होणार नाही, आणि स्प्रिंगचा कडकपणा जाईल तो कायमचा. वाळूचा मारा? तोही नको, निदान आत्ता नको. एक तर कोटिंग रबरासारखं, वाळू त्यावरून उसळते. ते निघेपर्यंत मारा करत राहिलं तर पातळ नळी झिजते. दुसरं म्हणजे वाळूची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस, त्यावर इलाज नाही. तिसरं कारण त्याने नंतर सांगतो म्हटलं.

मामू गप्प झाले. वीस वर्षं ज्या तीन हत्यारांवर घर चालवलं ती तिन्ही पोराने बाजूला ठेवली होती. आम्हाला खरं सांगायचं तर भावाचीच बाजू घ्यावीशी वाटत होती. पण अब्बा खाटेवरून म्हणाले, "तो शिकून आलाय. त्याला करू दे. चुकला तर पाहू."

वर्कशॉपमधल्या दोन्ही पोरांना इंग्रजी येत नाही आणि भाच्याची सूचनांची यादी इंग्रजीत. ती मराठीत आणायचं काम साहजिकच आमच्याकडे आलं. क्रॅकला काय म्हणावं यावर अर्धा तास गेला. चीर म्हटलं तर पोरांना लाकडाची वाटते, भेग म्हटलं तर टाचेची. उर्दूत दरार, पण ती भिंतीत पडते, माणसांत पडते. शेवटी तडा हा शब्द ठरला, कारण मडक्याला तडा गेला की वाजवून कळतं आणि दिसायच्या आधीच मडकं कामातून गेलेलं असतं. हायड्रोजनच्या ठिसूळपणाला मात्र पोरांनी स्वतःच नाव दिलं, "आतून वाळवी".

कोटिंग उतरवायला रासायनिक रिमूव्हर वापरायचं ठरलं. हे काम कुणी घरी करू पाहील म्हणून जरा थांबून सांगतो. बाजारात मिळणाऱ्या जहाल रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ श्वासातून आत गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद खोलीतल्या शेगडीने माणसं दगावतात तोच वायू. तोंडाला रुमाल बांधून किंवा साधा कापडी मास्क लावून काही उपयोग नाही. रबरी हातमोजा मिनिटांत हार मानतो. अमेरिकेत 2019 मध्ये हे रसायन असलेले रंग काढायचे द्राव सामान्य गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात डबा मागितला की मिळतो.

आणखी एक गोष्ट खामगावपुरती. हा द्राव 40 अंशांना उकळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात, पाऊस लांबला तर जूनमध्येही, दुपार तेवढी तापतेच. म्हणजे डबा उन्हात उघडला तर आतला माल फसफसून तोंडावर यायचा. म्हणून फजरच्या नमाजनंतर, गारव्यात, शेडबाहेर निंबाच्या झाडाखाली काम सुरू झालं. वारा पाठीमागून. भाच्याने या रसायनाला टिकणारे हातमोजे आणि चष्मे सोबतच आणले होते. आसपास विडी-काडी बंद. मामूंनी स्वतःची विडीसुद्धा गेटबाहेर ठेवली, हे अम्मींना अजून खरं वाटत नाही.

ब्रशने जाड थर लावायचा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा म्हणजे द्राव उडून जात नाही, आणि वाट पाहायची. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पोरगा म्हणाला, "हे काही निंघून नाही राह्यलं." दुसरा हात दिला आणि पाऊण तासाने कागद उघडला, तर पांढऱ्या कोटिंगला तळताना पापडाला येतात तसे फोड आले होते. पितळी ब्रशने ओढलं की लांबच लांब सालं निघत. लोखंडी पातं वापरायचं नाही, कारण पातळ नळीवर ओरखडा पडला तर पुढे ताण तिथेच साचतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

सरळ नळ्या अर्ध्या तासात उघड्या पडल्या. सांधे मात्र विचित्र निघाले. जिथे तीन नळ्या एका ठिकाणी येऊन वेल्डिंगने जोडल्या होत्या, त्या खोबणीत कोटिंग अगदीच पातळ होतं, एका कोपऱ्यात तर नुसता रंगाचा भास. मामूंनी याचं कारण सांगितलं, आणि या आठवड्यात पहिल्यांदा भाचा गप्प राहून ऐकत होता. विजेचा भार खोल कोपऱ्यात पोचत नाही, पूड कडेलाच चिकटून बसते. कोटिंगवाले त्याला फॅराडेचा पिंजरा म्हणतात. गन मागे घ्यावी लागते, दाब कमी करावा लागतो, कोन बदलून दोन-तीनदा मारावं लागतं. घाईच्या कामात कोण करतो? बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो उठावदार भाग, तो झकास असतो.

म्हणजे ताण सर्वांत जास्त जिथे, तिथेच पांघरूण सर्वांत विरळ.

उघडं पडलेलं लोखंड राखाडी, मंद चमकीचं आणि सुंदर दिसत होतं. मामूंनी बोटाने चाचपून पाहायला हात पुढे केला, तर भाच्याने तो अडवला. घामातलं मीठ लागलं की संध्याकाळपर्यंत तिथे बोटाचा तपकिरी ठसा उमटतो. आकाशात ढग जमायला लागले होते, हवा जड झाली होती. आता घाई करावी असं सगळ्यांना वाटत होतं, पण भाच्याने थिनरने सगळं पुसून घेतलं, सुकू दिलं आणि पिशवीतून तीन स्प्रेचे डबे काढले.

तडा शोधायची ही रीत मोठी सोपी आणि गमतीची आहे. आधी साफ करायचं. मग लाल रंगाचा अतिशय पातळ द्राव फवारायचा आणि वीसेक मिनिटं तसाच ठेवायचा. तडा असेल तर द्राव त्यात शिरतो. मग वरचा लाल रंग कापडाने पूर्ण पुसून टाकायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. तड्यात लपलेला लाल द्राव भुकटीत शोषला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वाळूच्या माऱ्याला नकार द्यायचं तिसरं कारण आता त्याने सांगितलं. मारा केला की लोखंडाचा पृष्ठभाग ठोकला जातो, तड्याचं तोंड मिटतं, आणि मग लाल द्राव आत जाऊच शकत नाही. तडा जिथल्या तिथे आणि तपासणी पास.

भुकटी फवारून आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. पेडल कोरे. दांडा कोरा. स्प्रिंग कोरी. माउंटचे वरचे दोन सांधे कोरे. खालच्या डाव्या सांध्याकडे पाहत पोरगा म्हणाला, "दादा, इथं कुंकू सांडलं का?"

तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ होती. वेल्डिंग संपतं आणि नळी सुरू होते, अगदी त्या काठावर. भाच्याने पुसली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तीच रेघ, त्याच जागी, थोडी अधिक स्पष्ट.

अब्बांनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आमचं घासलेट-खडू आहे." जिनिंगमध्ये ते प्रेसचे शाफ्ट असेच तपासायचे. घासलेट चोळायचं, थोड्या वेळाने कोरडं पुसायचं आणि खडूची पूड शिंपडायची. तडा असला की घासलेट बाहेर पाझरून खडूवर काळपट रेघ येते. रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचे आस याच पद्धतीने तपासत, तिथून ती रीत गिरण्यांत आणि जिनिंगमध्ये आली. भाच्याला त्याच्या अभ्यासक्रमात या रीतीवर एक परिच्छेद होता. ती रीत ज्याने तीस वर्षं हाताने केली तो माणूस आपल्याच घरात खाटेवर बसलेला असतो, हे त्या परिच्छेदात नव्हतं.

आता पुढे काय? त्या सांध्यावरचं कोटिंग कुठेच फुटलेलं नव्हतं, हे आम्ही स्वतः पाहिलं होतं. टवके उडाले होते ते तिथून हातभर लांब. ते टवके उडाले नसते तर माउंट असंच इंजिन घेऊन हवेत गेलं असतं. पावडर कोटिंग चिवट असतं, खालचं लोखंड तडकलं तरी ते वरून ताणलं जातं, तुटत नाही. गंजाचा डाग बाहेर यायला पाणी आत जावं लागतं, आणि पाण्याला तर ते आत येऊच देत नाही. कोटिंगचा जो गुण म्हणून मामू गिऱ्हाइकाला सांगतात, तोच इथे आडवा आला होता.

दादांची कलई आम्हाला तेव्हा आठवली. कथलाचा तो मुलामा काही महिन्यांतच झिजायचा. म्हणून तांब्याचं भांडं पुन्हा पुन्हा कलईगराच्या हातात यायचं, आणि तो चमक चढवायच्या आधी ते घासून, तापवून, उलटंसुलटं करून पाहायचा. चीर, पोचा, सैल झालेला सांधा तेव्हाच सापडायचा. घरच्या बायका कलई टिकत नाही म्हणून कुरकुर करायच्या. उर्दूत कलई खुलना म्हणजे खरं रूप उघडं पडणं, बिंग फुटणं. शाळेत हा वाक्प्रचार शिकवताना आम्ही नेहमी ढोंगी माणसाचं उदाहरण देत आलो, भांड्याचं कधी दिलं नाही.

मामूंच्या मनात वेगळंच चाललं होतं. "पंधरा मिनिटांचं काम," ते म्हणाले. "घासतो, वेल्डिंग मारतो, पुन्हा घासतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

भाचा म्हणाला, "म्हणूनच नको, मामू."

त्याचं म्हणणं असं, की या पोलादाला वेल्डिंगची तार वेगळी, उष्णता वेगळी, थंड व्हायची रीत वेगळी. ते काम त्यासाठी पात्र असलेल्या माणसाने करायचं आणि विमानाच्या वहीत ते नोंदवायचं. इथे मारलं तर शेजारीच नवा तडा सुरू होईल. मामूंना राग आला. वीस वर्षांत त्यांचं वेल्डिंग कुठे सुटलेलं नाही, हे खरंच आहे. त्या रात्री ते जेवायला आले नाहीत, वर्कशॉपमध्येच थांबले. अम्मींनी डबा पाठवला. पोरगा परत येऊन म्हणाला, "मामू तो लाल स्प्रे घेऊन कायकाय तपासून राह्यले."

सकाळी कळलं. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या तीन तीनचाकी सायकली होत्या. गिऱ्हाइकाने नुसतं कोटिंग सांगितलं होतं. मामूंनी तिन्हींच्या पुढच्या फोर्कचा रंग उतरवला होता. एकीच्या फोर्कवर वेल्डिंगच्या काठाने लाल रेघ होती, माउंटवरच्यापेक्षा दुप्पट लांब. सायकल एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीची. रोज बाजार ओलांडून जाणारी.

त्यावर कुणीच काही बोललं नाही. तो फोर्क मामूंनी बदलला, साध्या लोखंडाचा होता आणि ते त्यांचंच काम होतं. माउंटवर मात्र त्यांनी पुन्हा हात घातला नाही.

साहेबांना फोन झाला. ते थोडा वेळ शांत राहिले आणि मग त्यांनी रेघेचे फोटो मागवले. माउंट बाद करायचं, कारखान्याकडून नवीन मागवायचं ठरलं. महिने जाणार होते आणि पैसेही बरेच. पण बोलताना ते आवाज चढवून बोलले नाहीत, हे मामूंच्या लक्षात राहिलं.

उरलेल्या भागांचं काम मग झटपट झालं. हाताने बारीक पॉलिश पेपर मारला, पुसलं, आणि त्याच दिवशी, पावसाची पहिली सर यायच्या आत, दोन डब्यांचा मिसळायचा इपॉक्सी प्रायमर लावला. उघडं लोखंड पावसाळी हवेत रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर हळद सांडल्यासारखा गंज येतो. वरचा रंग पातळ आणि पांढरट राखाडी. मामूंनी विचारलं, पुन्हा पावडरच का नको? उत्तर असं की पातळ रंग लोखंडासोबत तडकतो, आणि फिक्या रंगावर तड्याची काळी रेघ किंवा गंजाचा डाग टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतो. पावडर कोटिंग करणारे लोकही खूप आहेत आणि त्यांची विमानंही उडतात. पण मग तपासायला जास्त डोळस राहावं लागतं. हा रंग फवारताना भाच्याने सगळ्यांना बाहेर काढलं, कारण त्यातल्या घटकाने दम्यासारखा त्रास जडू शकतो. श्वासाचा योग्य मास्क त्याच्या एकट्याकडेच होता.

बोल्टच्या भोकांभोवती त्याने आधीच चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तिथे रंग नको. बोल्टखाली जाड कोटिंग असलं की ते कालांतराने दबतं, बोल्ट ज्या ताणाने आवळलेला असतो तो ताण कमी होतो आणि सांधा सैल पडून हलायला लागतो. हे ऐकून मामूंनी कपाळावर हात मारला. खाटांचे नटबोल्ट महिन्या-दोन महिन्यांत ढिले होतात म्हणून एक गिऱ्हाईक त्यांच्याशी कितीतरी दिवस भांडत होतं.

बाद माउंटचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. विमानातला निकामी भाग तसाच टाकायचा नसतो, भंगारातून तो कुणाच्या तरी हाती लागून पुन्हा विमानावर चढू शकतो. तो कापून निकामी करायची रीत आहे. साहेबांनी फोनवर होकार दिल्यावर मामूंनी ते शिकंज्यात धरून करवतीने प्रत्येक नळी कापली. ग्राइंडर होता, तरी करवतीनेच. बाकीचे तुकडे भंगारात गेले. तड्याचा सांधा तेवढा त्यांनी भाच्याकडून मागून घेतला.

मजुरी किती घ्यायची, यावर मामू अडले. ज्या कामासाठी जॉब आला ते तर झालंच नव्हतं. शेवटी रिमूव्हर, प्रायमर आणि पोरांचे दोन दिवस एवढंच बिल झालं. बिलावर कामाचं नाव काय लिहू, असं त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही "तपासणी" लिहून दिलं. बिलबुकात तो शब्द पहिल्यांदाच आला.

दिवाळीच्या सुमारास नवं माउंट आल्याचा भाच्याचा निरोप आला. या वेळी साहेबांनी कोटिंगशिवायच मागवलं होतं. पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत, त्यांनी स्वतः रंगवलं. विमान अजून जमिनीवरच आहे. कागद चालू आहेत.

इकडे वर्कशॉपचे दर बदलले. तीनचाकी, झोपाळे, मुलांच्या सायकली, म्हणजे ज्यावर माणूस बसतो असं काहीही आलं, की मामू आधी सांधे उघडे करतात आणि लाल-पांढरं करून पाहतात. त्याचे पैसे वेगळे. काही गिऱ्हाइकं यामुळे तुटली. मागच्या महिन्यात एक जण जुनी सायकल घेऊन आला, फ्रेमला तडा होता, त्याला माहीतही होता. म्हणाला, नुसतं वरून निळं करून द्या, विकायची आहे. मामूंनी ती परत पाठवली. ती दुसरीकडे निळी झाली असणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या संध्याकाळी ते मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरी जाऊन सांगून आले, की कुणी जुनी निळी सायकल स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी एकदा आमच्याकडे आणा, तपासायचे पैसे घेणार नाही.

अब्बांना तो तड्याचा तुकडा खाटेजवळ हवा होता. दुपारी ते घासलेट आणि खडू घेऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना विचारतात, सांग, रेघ कुठे आहे?